गढूळ तळं निवळायचं तर आधी बाटली भरा, मग पोतं आणा

नवं तळं घेतलेला किंवा खणलेला जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या पावसानंतर एकच प्रश्न विचारतो: पाणी गढूळ झालंय, त्यात काय टाकू? तुरटी, चुना, जिप्सम, गवत, सगळ्यांची नावं त्याच्या कानावर आलेली असतात. आणि या सगळ्या गोष्टी कुठल्या ना कुठल्या तळ्यात खरोखर काम करतातही. पण तुमच्या तळ्यात कोणती चालेल, हे पाण्याकडे नुसतं बघून सांगता येत नाही.

माझ्या पहिल्या तळ्यात मी दोन वेळा तुरटी मारली. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी तळ दिसला आणि आठवड्याच्या आत पाणी पुन्हा मातकट झालं. तिसऱ्यांदा पोतं उचलण्याआधी काठावर दोन तास शांत बसलो, तेव्हा दिसलं की उथळ भागात सायप्रिनस (कॉमन कार्प) मासे तोंड खुपसून चिखल उकरत होते. मातीचा ढग तळातूनच वर येत होता. मी माती खाली बसवत होतो आणि मासे ती पुन्हा वर आणत होते. म्हणून हा लेख औषधापासून नाही, तपासणीपासून सुरू होतो.

माती पाण्यात टिकते कशी

पावसाबरोबर तळ्यात वाळू, पोयटा आणि चिकणमाती अशी तिन्ही येते. वाळू लगेच बसते. पोयट्याचे कण तासाभरात, फार तर दिवसभरात बसतात. त्रास देते ती चिकणमाती. तिचा कण २ मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागापेक्षा लहान असतो. १० मायक्रॉनचा कण अगदी शांत पाण्यात दिवसाला सात-आठ मीटर खाली जाऊ शकतो. १ मायक्रॉनचा कण जेमतेम ८ सेंटिमीटर. आकार दहापट लहान झाला की वेग शंभरपट घटतो. आणि तळ्यातलं पाणी अगदी शांत कधीच नसतं. वारा असतो, दिवसा तापून आणि रात्री निवून पाणी वरखाली होतं, मासे असतात. एवढ्या हालचालीत ८ सेंटिमीटर कुठल्या कुठे जातात.

दुसरं कारण विजेचं आहे. चिकणमातीच्या कणांच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो. सगळ्यांवर सारखाच भार, म्हणून ते एकमेकांना ढकलतात, चिकटत नाहीत आणि जड होऊन खाली बसत नाहीत. पाण्यात कॅल्शियम किंवा ॲल्युमिनियमसारखे धनभारित आयन पुरेसे असले की हा भार दबतो, कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे कापसासारखे पुंजके होतात आणि ते खाली जातात. जिप्सम आणि तुरटी नेमकं हेच करतात. पावसाचं पाणी मृदू असतं, त्यात कॅल्शियम फार कमी असतं. म्हणूनच केवळ पावसावर भरलेली तळी महिनोन्महिने गढूळ राहतात, आणि शेजारचं, विहिरीच्या जड पाण्यावर भरलेलं तळं मात्र स्वच्छ दिसतं.

आधी रंग, मग बाटली

गढूळ दिसणारं सगळंच पाणी मातीमुळे गढूळ नसतं. पांढऱ्या कपात किंवा पांढऱ्या ताटलीत थोडं पाणी घ्या. हिरवी किंवा पिवळट-हिरवी झाक असेल तर ते सूक्ष्म शैवाल आहे. तो खतावळलेल्या पाण्याचा प्रश्न आहे, मातीचा नाही. पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी पण आरपार दिसणारं असेल तर पालापाचोळ्याचा रंग उतरलाय. त्याने माशांचं सहसा काही बिघडत नाही. आरपार दिसत नसेल आणि रंग तुमच्या बांधावरच्या मातीचाच असेल, तर ती माती.

आता पारदर्शक बाटली घ्या. काठापासून थोडं आत जाऊन, कोपरभर खोलीवरून, तळ न ढवळता भरा. झाकण लावून जिथे कोणी हलवणार नाही अशा जागी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा, मग आठवड्याने बघा.

एका दिवसात पाणी निवळलं आणि तळाशी मातीचा थर बसला, तर तुमच्या मातीत दोष नाही. बाटलीत जी माती एका दिवसात बसते ती तळ्यात बसत नाही, म्हणजे तळ्यात कोणीतरी ती सतत ढवळतंय. अशा तळ्यात औषध टाकणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. कोण ढवळतंय ते शोधायचं, बस. आठवडा झाला तरी बाटली दुधाळ-मातकटच राहिली, तर ती चिकणमाती आहे आणि तिला रसायनाची मदत लागेल. मधली अवस्था, म्हणजे वरचा भाग थोडा निवळला पण पूर्ण नाही, बऱ्याच तळ्यांत दिसते. तिथे दोन्ही कारणं असतात आणि दोन्हींवर काम करावं लागतं.

बाटलीवर तारीख लिहून ती ठेवून द्या, पुढे तुलनेला लागते.

याच दिवशी आणखी एक तपासणी उरकता येते. बांधावरचं आणि पाणी जिथून आत येतं तिथलं सुकं ढेकूळ घ्या, हरभऱ्याएवढं. काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी घेऊन ते हलकेच सोडा आणि ढवळू नका. ढेकूळ नुसतं विरघळून ढीग झालं तर काळजी नाही. पण त्याच्याभोवती धुरासारखा दुधाळ ढग पसरत गेला, तर त्या मातीत सोडियम जास्त आहे. ती पाण्यात आपोआप सुटी होते. हे कळणं फार मोलाचं आहे, कारण अशी माती बांधावर उघडी आहे तोवर प्रत्येक सर तळं पुन्हा गढूळ करणार. नळाचं पाणी या चाचणीला वापरू नका. त्यातल्या क्षारांमुळे ढग दिसत नाही आणि फसगत होते.

ढवळणारा शोधा, येणारी माती अडवा

हा भाग सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात उपयोगी. इथे महिना गेला तरी चालेल.

पहाटे आणि संध्याकाळी काठावर बसून पाणी बघा. उथळ भागात ठिकठिकाणी मातीचे छोटे ढग उठत असतील, बुडबुडे येत असतील, तर तळ उकरणारे मासे आहेत. सायप्रिनस यात पहिला. मागूरसारखे मासे आणि मोठ्या संख्येने असलेला मृगळही तळाशीच चरतो. दाटी जास्त असेल तर मासे कमी करावेच लागतात. जाळं टाकून मोठे काढा. सायप्रिनसची पिल्लं तळ्यात आपोआप वाढतात, त्यामुळे एकदा काढून भागत नाही. बदकं आणि हंसही काठ उकरतात. दोन-चार बदकांनी मोठ्या तळ्याचं काही बिघडत नाही, पण छोट्या तळ्यावर मोठा थवा असेल तर काठाला गवत टिकत नाही.

गुरं पाण्यात उतरत असतील तर इतर कुठलाही उपाय टिकणार नाही. खुरांनी काठ फुटतो, तळ घुसळला जातो, शेणाने पाणी खतावतं. तळ्याला कुंपण करून पाणी नळीने बाहेरच्या हौदात न्या. ते जमत नसेल तर निदान एकच उतार ठेवा, तो दगड-मुरूम टाकून पक्का करा आणि बाकीचा काठ बंद करा.

पंपाकडेही बघा. पाणी तळ्यात सोडणारी नळी थेट उताराच्या मातीवर आपटत असेल तर ती रोज खड्डा खणते. नळीखाली दगड रचा. पाणी हलवणारं यंत्र किंवा हवेचे बुडबुडे सोडणारा दगड तळाच्या फार जवळ असेल तर तो वर घ्या.

मग वारा. मोठ्या तळ्यात वारा ज्या काठावर लाटा नेऊन आपटतो तो काठ कापला जातो. तिथे उभी मातीची कड दिसते. आतला उतार ३ ला १ इतका सपाट असला, म्हणजे तीन मीटर आडवा गेल्यावर एक मीटर उंची, तर लाट चढून विरते. खड्या उतारावर ती थेट आदळून माती तोडते. उतार बदलणं शक्य नसेल तर पाण्याच्या पातळीच्या पट्ट्यात दगडी पिचिंग करा किंवा काठाच्या उथळ पाण्यात पाणवनस्पती लावा. त्यांची मुळं माती धरतात आणि देठ लाटेचा जोर मोडतात.

शेवटी आवक. जोरदार पावसात छत्री घेऊन बाहेर पडा आणि पाणी कुठून येतंय ते चालत बघा. घरात बसून केलेला अंदाज आणि पावसात दिसलेलं चित्र यांत फार फरक असतो. बहुतेक वेळा एखादी उघडी वाट, नांगरलेला तुकडा किंवा नवं खोदकाम यातूनच बरीचशी माती येत असते. तो उघडा भाग गवताने झाका. तो तुमच्या ताब्यात नसेल तर चर काढून ते पाणी तळ्याच्या बाजूने पुढे काढा. आवकेच्या तोंडाशी एक खड्डा करा, ज्यात पाणी थांबून मग तळ्यात उतरेल. त्यात वाळू आणि पोयटा बसतो, दर वर्षी तो उपसून काढता येतो. चिकणमाती त्यात फारशी अडकत नाही, म्हणून खड्डा आणि तळं यांच्यामध्ये दाट गवताचा पट्टा ठेवा, जितका रुंद तितका चांगला.

तळं यंदाच खणलेलं असेल तर एक गोष्ट मनापासून सांगतो: थांबा. बांध उघडा आहे, गवत धरलेलं नाही, अशा तळ्याचं पाणी पहिल्या वर्षी गढूळच असणार. बांधावर सुपीक वरची माती पसरा, गवत पेरा. ढेकळाच्या चाचणीत ढग दिसला असेल तर पेरण्याआधी त्या मातीत जिप्सम मिसळा. बांध हिरवा झाल्यावर बाटली पुन्हा भरून बघा. कितीतरी तळ्यांना पुढच्या पायऱ्या लागतच नाहीत.

किती गढूळ, किती पाणी

औषधाकडे जाण्याआधी दोन आकडे हातात हवेत.

पहिला, पारदर्शकता. २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची चकती घ्या, तिचे चार भाग एकाआड एक काळे-पांढरे रंगवा, मधोमध खुणा केलेली दोरी आणि खाली वजन बांधा. इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये समुद्राच्या पाण्यावर पांढरी चकती अशीच वापरली, तेव्हापासून तिला त्यांचंच नाव आहे. भर दुपारच्या आसपास चकती हळूहळू सोडा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी घ्या. मासे असलेल्या तळ्यात ३० ते ४५ सेंटिमीटर हा चांगला आकडा समजला जातो. मातीमुळे तो १५ च्या खाली असेल तर प्रकाश आत जात नाही, माशांचं नैसर्गिक खाद्य तयार होत नाही आणि अंड्यांवर गाळाचा थर बसून ती गुदमरतात.

दुसरा आकडा पाण्याच्या आकारमानाचा, आणि इथे लोक सर्वाधिक चुकतात. खणताना सांगितलेली खोली म्हणजे सरासरी खोली नव्हे. उतार असतात, गाळ साचलेला असतो, पाणी भरून नसतं. खुणा केलेली काठी किंवा वजन बांधलेली दोरी घेऊन तळ्याच्या लांबीवर आणि रुंदीवर ओळीने निदान १५-२० ठिकाणी खोली मोजा, काठाजवळही मोजा, आणि सरासरी काढा. पाण्याच्या पृष्ठभागाची लांबी गुणिले रुंदी गुणिले ही सरासरी, म्हणजे घनमीटर. एका घनमीटरला १ ग्रॅम टाकलं की बरोबर १ मिलिग्रॅम प्रति लिटर होतं. पुढचा सगळा हिशेब याच एका वाक्यावर चालतो.

समजा पृष्ठभाग ३० मीटर गुणिले २० मीटर आणि सरासरी खोली १.५ मीटर निघाली. पाणी ९०० घनमीटर. २० मिलिग्रॅम प्रति लिटर मात्रेने १८ किलो, २०० मिलिग्रॅमने १८० किलो.

बादल्यांची चाचणी

हे टाळून थेट तळ्यात उतरू नका. मोजून दोन दिवसांचं काम आहे आणि त्यातून तुमच्या पाण्याला काय लागतं आणि किती लागतं, दोन्ही कळतं.

तुरटीसाठी: जे सामान तळ्यात टाकणार आहात तेच घ्या. दुकानात मिळणारी स्फटिकासारखी पारदर्शक तुरटी पोटॅशियमची असते. पाणी शुद्धीकरणात वापरतात ती ॲल्युमिनियम सल्फेटची. वजनाला वजन पाहिलं तर पहिलीत ॲल्युमिनियम कमी असतं, त्यामुळे एकीवर काढलेली मात्रा दुसरीला लागू पडत नाही. १० ग्रॅम तुरटी कुटून १ लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवा. तळ्याच्या पाण्याने १०-१० लिटरच्या सहा बादल्या भरा. एक तशीच ठेवा. बाकी पाचात या द्रावणाचे १०, १५, २०, २५ आणि ३० मिलिलिटर टाका. १० लिटरला १० मिलिलिटर म्हणजे १० मिलिग्रॅम प्रति लिटर, तसंच पुढे. टाकताच मिनिटभर जोरात ढवळा, मग पाच मिनिटं अगदी सावकाश. सावकाश ढवळतानाच पुंजके मोठे होतात. तासाभराने बघा. ज्या सर्वात कमी मात्रेच्या बादलीत तळ स्पष्ट दिसतो ती तुमची मात्रा. पोटॅशियमची तुरटी घेतली असेल आणि ३० लाही पाणी निवळलं नाही, तर ४०-४५ पर्यंत जाऊन बघा.

जिप्समसाठी: शेतीचं बारीक जिप्सम घ्या, प्लास्टर ऑफ पॅरिस नको, ते पाण्यात घट्ट होतं. १० लिटरच्या बादल्यांत १, २, ३ आणि ४ ग्रॅम टाका, म्हणजे १०० ते ४०० मिलिग्रॅम प्रति लिटर. जिप्सम सावकाश विरघळतं, म्हणून दर थोड्या वेळाने तासभर ढवळत राहा आणि निकाल दुसऱ्या दिवशी वाचा.

यापैकी काय निवडायचं? तळ्यात मासे असतील आणि तुम्ही पहिल्यांदाच हे करत असाल, तर माझं मत जिप्समच्या बाजूने आहे. ते सावकाश काम करतं, तळ्यात पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार आठवडेही लागतात, वजनाने खूप जास्त लागतं. पण पाण्याचा सामू (पीएच) बदलत नाही, आणि हात थोडा सैल पडला तरी मासे मरत नाहीत. पाण्यात कॅल्शियम वाढल्याने पुढे येणारी मातीही थोडी लवकर बसते. पाणी आधीपासूनच जड असेल तर मात्र जिप्समचा उपयोग कमी होतो. बादलीत फरक दिसला नाही तर हट्ट करू नका.

तुरटी तासांत काम करते. तिची अडचण अशी, की पाण्यात विरघळताना ती आम्ल तयार करते आणि ते पचवायला पाण्यात अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल मारण्याची ताकद, लागते. १ मिलिग्रॅम ॲल्युमिनियम सल्फेट सुमारे अर्धा मिलिग्रॅम अल्कलिनिटी खातं. पाण्याची अल्कलिनिटी २० मिलिग्रॅम प्रति लिटर असेल आणि तुम्ही ३० मिलिग्रॅम तुरटी टाकली, तर उरते ५. त्याहून कमी झाली की सामू घसरतो, ॲल्युमिनियम विरघळलेल्या रूपात राहतं आणि माशांच्या कल्ल्यांना जाळतं. मासे मरतात ते याने. म्हणून तुरटीआधी अल्कलिनिटी आणि सामू मोजणं सक्तीचं समजा. मत्स्यपालनाच्या किंवा पोहण्याच्या तलावाच्या साध्या किटने दोन्ही मोजता येतात. ५० च्या वर अल्कलिनिटी असेल तर या मात्रांना अडचण नाही. त्याखाली असेल तर काही आठवडे आधी शेतीचा चुना, म्हणजे चुनखडीची बारीक पूड, तळ्यात पसरून पुन्हा मोजा. वाढली तर पुढे जा.

विरलेला चुना, म्हणजे भट्टीत भाजून पाणी मारलेला, तुरटीचं आम्ल लगेच पचवतो आणि तुरटीच्या वजनाच्या साधारण ४० टक्के पुरतो. पण तो स्वतः इतका तीव्र असतो की थोडा जास्त झाला किंवा एकाच जागी पडला तर सामू उसळून मासे मरतात. मासे असलेल्या तळ्यात नवख्याने त्याला हात लावू नये. कळीच्या चुन्याचं तर नावच नको.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. सुकं गवत, पेंढा किंवा शेणखत टाकून पाणी निवळतं हे खरं आहे. कुजताना आम्ल आणि चिकट पदार्थ तयार होतात, ते कण बांधतात. पण कुजणं म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन खाणं. उन्हाळ्यात, माशांची दाटी असलेल्या तळ्यात, एका रात्रीत सगळे मासे वर तरंगतात. करायचंच असेल तर थंड दिवसांत, काठाच्या कडेने, थोडंथोडं, आणि पुढची खेप टाकण्याआधी दोन-तीन आठवडे वाट पाहून. शेवग्याच्या बियांतली प्रथिनंही माती बसवतात, पण घागरभर पाण्यासाठी ते ठीक. ९०० घनमीटरला लागणाऱ्या बियांचा ढीग स्वतःच कुजून त्रास देईल. पॉलिअॅक्रिलामाइडची (मातीचे कण बांधणारं कृत्रिम रसायन) तयार उत्पादनं घेणार असाल तर विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: ऋणभारित की धनभारित? धनभारित प्रकार माशांच्या कल्ल्यांना घातक असतो. उत्तर देता आलं नाही तर घेऊ नका.

टाकण्याचा दिवस

येत्या आठवड्यात पाऊस नाही, वारा पडलेला आहे, ऊन फार कडक नाही असा दिवस बघा. आवक बंद, सांडव्यावरून पाणी वाहत नाही. तुमचं तळं एखाद्या ओढ्याला मिळत असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं. तिथे रसायन वापरायला तुमच्या भागात परवानगी लागते का, तेही आधी विचारून घ्या. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी माशांना खाद्य देऊ नका. हातमोजे आणि चष्मा घाला, होडीत बसणार असाल तर जीवरक्षक जॅकेट घाला, आणि काठावर दुसरा माणूस असू द्या.

सकाळी, सूर्य वर आल्यावर सुरुवात करा, कारण पहाटे पाण्यात ऑक्सिजन सर्वात कमी असतो. तुरटी कोरडी फेकायची नाही. खडे तळाशी जाऊन चिखलात विरघळतात आणि वरचं पाणी तसंच राहतं. प्लास्टिकच्या पिंपात विरघळवून, पंपाने किंवा झारीने, सगळ्या तळ्यावर सारखं फवारा. होडीच्या वल्ह्याने किंवा पंपाच्या धारेने वरचं पाणी हलत राहू द्या. सगळं टाकून झालं की हलवणं पूर्ण थांबवा. एकदा बनलेले पुंजके वाऱ्याने किंवा ढवळण्याने फुटले तर पुन्हा तेवढे मोठे होत नाहीत. शांत दिवसाचा आग्रह त्यासाठीच.

मासे असतील तर मी मोजलेली मात्रा एका दमात टाकत नाही. आधी अर्धी, मग सामू मोजतो, दुसऱ्या दिवशी बघतो. सामू ६.५ च्या खाली उतरताना दिसला तर उरलेली टाकायची नाही. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर लगेच थांबा आणि पाण्यात हवा मिसळा: तोंड वर केलेल्या नळीतून पंपाचं पाणी कारंज्यासारखं उडवा.

जिप्सम पाण्यात कालवून, पातळ लापशीसारखं करून, होडीतून किंवा काठावरून पसरा. तेही दोन खेपांत. पहिल्या खेपेनंतर दोन आठवडे थांबलात तर बऱ्याचदा दुसरी खेप निम्मीच पुरते.

पाणी निवळल्यावर

पहिल्या आठवड्यात तळाशी बसलेला थर फार सैल असतो. त्यात कोणी उतरायचं नाही, जाळं ओढायचं नाही.

मग ऊन तळापर्यंत पोहोचतं आणि जे कधी उगवलं नव्हतं ते उगवतं: पाण्याखालचं तण, धाग्यासारखं शैवाल. काचेसारखं पाणी बघायला सुंदर असतं, पण उथळ तळ्यात ते फार दिवस तसं राहत नाही. म्हणून मासे पाळणाऱ्याने चकती ३० ते ४५ सेंटिमीटरवर दिसेनाशी होईल एवढंच ध्येय ठेवावं. पाण्याला हलकी हिरवी झाक आली तर ती माशांच्या खाद्याची खूण आहे. ती घालवण्यासाठी पुन्हा तुरटी मारू नका. तण मात्र पहिल्या महिन्यातच हाताने किंवा दाताळ्याने ओढून काढा, नंतर ते हाताबाहेर जातं. आणि निवळलेलं पाणी पिण्यालायक झालं असं कोणीही समजू नये. माती खाली बसली तरी जंतू आहेत तिथेच असतात.

एका वहीत दर आठवड्याला चकतीचा आकडा लिहा, शेजारी पाऊस आणि वारा लिहा. जोराच्या सरीनंतर आकडा घसरला आणि तीन-चार दिवसांत पुन्हा वर आला तर सगळं ठीक आहे. सर नसताना घसरला तर पहाटे काठावर जाऊन बसा आणि ढग कुठून उठतात ते बघा. सरीनंतर घसरून आठवड्यातही वर आला नाही, तर जुन्या बाटलीशेजारी नवी बाटली भरून ठेवा.